अर्धवट सिनेमांचा प्रकल्प: जून महिन्याच्या नोंदी

१ जून, रविवार

टीव्ही लावला की सगळ्यात आधी दिसते ती 'पाहणं सुरू ठेवा'ची रांग. आज ती शेवटपर्यंत सरकवून बघितली. चौदा पोस्टरं. प्रत्येकाखाली लाल रेघ, कुठं नखाएवढी, कुठं टोकाला टेकत आलेली. यातले निम्मे तरी मी मोठ्या हौसेनं लावले होते. सोडले कधी आणि का, हे एकाचंही आठवत नाही.

म्हणून हा प्रकल्प. जूनमध्ये जमतील तितके संपवायचे. रेघेपासून पुढं नाही, पहिल्यापासून बघायचे, आणि तेही एका बैठकीत. फोन दुसऱ्या खोलीत. संपल्यावर अर्ध्या तासात इथं नोंद, आणि नोंद होईपर्यंत कुणाचंही परीक्षण वाचायचं नाही. नाहीतर माझं मत म्हणून दुसऱ्याचंच उतरतं, हा अनुभव आहे. एखादा सोडायचा तर सोडता येईल, पण कारण लिहून.

घरात जाहीर केलं. नवरा म्हणाला, "सिनेमा बघायचाही प्रकल्प?" मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याची शंका व्यवहारी: दीडपट वेगानं बघितले तर दिवस वाचतील ना? आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच बोलल्या नाहीत.

रांगेत एक गूढही सापडलं. 'सैराट'. रेघ इतकी पुढं की शेवटचा तुकडाच उरलाय. मी तो कधीच पूर्ण बघितलाय, नवऱ्यानंही. मुलगा शपथेवर सांगतो की त्यानं लावला नाही. ठेवला सगळ्यात शेवटी.

राहिलेले: १४.

३ जून, मंगळवार

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७). ९६ मिनिटं. आधी २२व्या मिनिटाला सोडला होता.

छोटा आहे म्हणून पहिला घेतला, दुसरं काही उदात्त कारण नाही. बारा ज्यूरी, एक खोली, एका पोराच्या जिवाचा निकाल. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं सोडली तर सगळं तिथंच.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "हा हिंदीत बघितलाय मी. 'एक रुका हुआ फैसला'." बरोबर आहे, बासू चटर्जींचा, १९८६ सालचा. "मग शेवट माहीतच आहे," असं म्हणून तो जायला वळला आणि चौकटीला टेकून पाऊण तास तसाच उभा राहिला. बस म्हटलं तर, "नाही, निघालोच आहे."

तास होत आला तेव्हा मला चक्क गुदमरल्यासारखं झालं. उठून खिडकी उघडली. पुन्हा बसले तर लक्षात आलं की पडद्यावर छत दिसतंय. मघाशी नव्हतं. माणसं तीच, टेबल तेच, पण भिंती पाठीला चिकटल्यासारख्या. नोंदीचा पहिला खर्डा झाल्यावर वाचलं, तर हा दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा ठरवून केलेला उद्योग निघाला. पहिला एक तृतीयांश भाग कॅमेरा डोळ्यांच्या वर, मधला डोळ्यांच्या पातळीला, शेवटचा डोळ्यांच्या खाली, म्हणून छत. शिवाय भिंगं हळूहळू लांब पल्ल्याची होत जातात, म्हणून मागची भिंत पुढं सरकते. आणि हा त्याचा पहिला सिनेमा!

२२व्या मिनिटाला का सोडला असेल, याचा अंदाज आला. तोपर्यंत मी ठरवून टाकलं असणार की हा आठ नंबरचा ज्यूरी एकेकाला पटवणार आणि पोरगा सुटणार. तसंच होतं. पण तीन नंबरचा माणूस स्वतःच्या मुलाबरोबरचा फोटो फाडतो आणि मग त्या तुकड्यांकडे बघत राहतो, हे कुठं ठरवलं होतं मी? शेवटी पायऱ्यांवर दोघं एकमेकांना आडनावं सांगतात. दीड तासात कुणाला नाव नव्हतं, हे मला तिथं कळलं.

राहिलेले: १३.

४ जून, बुधवार

सिनेमा बघितला नाही. टीव्हीशी भांडले.

कालपासून एक गोष्ट खटकत होती. १९५७ सालचा कृष्णधवल सिनेमा, आणि माणसं मान वळवतात तेव्हा कालच्या दुपारी शूट केलेल्या मालिकेतल्यासारखी गुळगुळीत वळतात. जुना माल नवीन प्लास्टिकात गुंडाळल्यासारखा. मला आधी वाटलं की प्रत सुधारताना असं झालं असेल.

सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरल्यावर सापडलं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र ताजं करतो. मधल्या जागा भरायला टीव्ही स्वतःच्या डोक्यानं नवी चित्रं तयार करून घालतो. म्हणजे कॅमेऱ्यानं कधी टिपलेच नाहीत असे क्षण मी काल बघत होते. प्रत्येक कंपनीनं याला वेगळं गोंडस नाव दिलंय, त्यामुळे हे बंद करायचं असतं हेच कळत नाही, आणि बहुतेक टीव्हींवर ते आल्यापासून चालूच असतं. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं की हे बंद करा हो. तेव्हा मी तो बघून मान डोलावली होती आणि काहीही केलं नव्हतं. पुढं २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' नावाची सोय जाहीर झाली, एका बटणात ही सगळी कारागिरी बंद करणारी. आमच्या टीव्हीत ती नाही, त्यामुळे एकेक खूण हातानं काढली.

काढल्यावर पाच मिनिटं चाचणी. कालचाच प्रसंग, कॅमेरा टेबलाभोवती फिरतो तो. आता चित्र किंचित थरथरतं. त्यालाही कारण आहे: २४ चित्रं ६० मध्ये समान वाटली जात नाहीत, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं. १२०चा टीव्ही असता तर प्रत्येक चित्र बरोबर पाचदा बसलं असतं. पण ही थरथर मला आवडली. माणसं पुन्हा सिनेमातली झाली.

मुलाला दोन्ही दाखवलं. "आधीचं भारी होतं. गेमसारखं." नवऱ्याला फरकच दिसला नाही. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "रंग कधी येणार?"

७ जून, शनिवार

'टोकियो स्टोरी' (१९५३). १३६ मिनिटं. आधी ४१व्या मिनिटाला सोडला होता.

ही नोंद लांबणार आहे.

दिग्दर्शक ओझूचा कॅमेरा जमिनीजवळ असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेला, आणि तो जवळजवळ हलत नाही. सोफ्यावरून बघताना मला सारखं वाटत होतं की सगळे आपल्याकडे मान वर करून बघतायत. दहा मिनिटांनी खाली जमिनीवर बसले. एकदम बसलं सगळं जागच्या जागी. टीव्ही भिंतीवर टांगलेला नसता तर आणखी जमलं असतं.

आई आल्या आणि सोफ्यावर बसल्या. त्यांना इंग्रजी उपशीर्षकं वाचायची सवय नाही, म्हणून मी मोठ्यानं मराठी सांगायला सुरुवात केली. गोष्ट साधी आहे. म्हातारा-म्हातारी गावाहून टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं केशकर्तनालय, कुणाला वेळ नाही. वाईट कुणीच नाही, फक्त कामात आहेत. मग पोरं मिळून पैसे काढतात आणि दोघांना समुद्रकाठच्या एका स्वस्त ठिकाणी पाठवून देतात, तिथं रात्रभर गोंगाट. म्हातारीला सकाळी उठताना तोल जातो.

तिथं आई म्हणाल्या, "तू आता सांगू नकोस."

मला वाटलं कंटाळल्या. पण नाही, त्या बघतच होत्या. पुढचा तासभर मी वाचत होते आणि त्या बघत होत्या, आणि मला दाट संशय आहे की त्यांना जास्त कळत होतं. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, हीच एक सुट्टी काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते. छोट्याशा खोलीत सासूला झोपायला जागा करते, तिचे खांदे दाबून देते. सेत्सुको हारा ही नटी हसते तेव्हा ते हसू किती वेळ टिकवून ठेवावं लागतंय हेही दिसतं.

शेवटी म्हातारी गेल्यावर सासरा नोरिकोला बायकोचं घड्याळ देतो. सासू आणि सून एका खोलीत बसून हे बघतायत, म्हटल्यावर माझी थोडी पंचाईत झाली. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. त्यांनीही नाही.

संपल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "मुलगी कपडे मागते लगेच. तशीच असतात." खरं आहे. तेरावं-चौदावं तर सोडाच, अजून सगळे जेवणावर बसलेत आणि मुलगी आईच्या कपड्यांपैकी मला अमुक दे म्हणते. मी उपशीर्षकात वाचलं म्हणून मला कळलं. आईंना कशावरून कळलं असेल?

४१व्या मिनिटाला मी का सोडला होता हे नीटच आठवलं. काही घडत नाही म्हणून.

राहिलेले: १२.

८ जून, रविवार

लावला, १७ मिनिटांनी नवऱ्याला ऑफिसचा फोन, तो बोलत बोलत टीव्हीसमोरून येरझारा घालायला लागला. बाद. कुठला होता ते लिहीत नाही, पुन्हा पहिल्यापासून बघायचाय.

११ जून, बुधवार

आवाजाची नोंद.

रात्री साडेदहानंतर सिनेमा बघणाऱ्या प्रत्येकाला हा व्यायाम ठाऊक असेल. नायक कुजबुजतो: आवाज २८. कुणीतरी दार लाथेनं उघडतं: आवाज ९. नायिका कुजबुजते: २८. गाडी उडते: घाईघाईत ६, तोवर शेजारची खोली जागी. आजचा हाणामारीचा सिनेमा मी असा ५२ मिनिटं बघितला.

यातली मेख अशी की मिश्रण झालेलं असतं मोठ्या थिएटरसाठी किंवा घरातल्या पाच-सहा स्पीकरांसाठी. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरातून यायचे असतात. आमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाहीच, दोन बारीक स्पीकर आहेत, तेही खाली तोंड करून. पाच वाटांनी येणारा आवाज दोन वाटांत कोंबला की कुजबूज स्फोटांच्या खाली दबते. त्यात बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर थिएटरात सुंदर वाटतं, घरात ते अंगावर येतं.

उपाय दोन केले. सिनेमाच्या ध्वनीच्या पर्यायांत पाच-सहा स्पीकरांच्या ५.१ ऐवजी दोन स्पीकरांचा स्टिरिओ निवडला, आणि टीव्हीत 'नाइट मोड' चालू केला. तो मोठ्याला दाबतो, बारक्याला उचलतो. चित्राच्या बाबतीत टीव्हीची लुडबुड नको म्हणणारी मी, आवाजाच्या बाबतीत ती मागून घेतेय. असू दे. घरात झोपणारी माणसं आहेत.

सिनेमा मात्र सोडला. कारण, नियमाप्रमाणे: सगळा वेळ अंगठ्यानं बघितला, डोळ्यांनी नाही. आणि नीट ऐकू आल्यावर संवाद ऐकण्यासारखे नव्हते हेही कळलं.

राहिलेले: ११.

१४ जून, शनिवार

'कोर्ट' (२०१४). ११६ मिनिटं. आधी ३५व्या मिनिटाला सोडला होता.

चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा न बघता मी त्याबद्दल निदान तीन वेळा चारचौघांत बोललेय. व्हेनिसला पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, सगळं तोंडपाठ. आज प्रायश्चित्त.

आधी तक्रार. इंग्रजी उपशीर्षकं चित्रातच छापलेली, काढता येत नाहीत. सिनेमात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं बोलतात, त्यामुळे ती लागणारच. पण मराठी वाक्य कानावर पडायच्या आधी त्याचं इंग्रजी डोळ्यांत घुसतं आणि विनोद फुटतो. सरकारी वकील कलमं एका सुरात वाचत जाते, त्यातली गंमत त्या रटाळ सुरात आहे, आणि खाली ओळ आधीच येऊन बसलेली. शेवटी एक जाड पुस्तकांची चळत टीव्हीसमोर रचून खालची पट्टी झाकली. गुजराती येई तेव्हा उठून पुस्तकं बाजूला. नवरा हे सगळं शांतपणे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही.

आता सिनेमा. एका लोकशाहिरावर खटला: त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली म्हणे. कॅमेरा लांब, स्थिर. महत्त्वाचा माणूस कोण हे तो सांगत नाही, कोपऱ्यातला शिपाई आणि मधला आरोपी यांना सारखंच महत्त्व. पहिल्यांदा ३५व्या मिनिटाला मला वाटलं असणार, 'कळलं, व्यवस्था अशी असते.' पण त्यानंतर सिनेमा वकिलांच्या मागून त्यांच्या घरी जातो! गीतांजली कुलकर्णीनं केलेली ती सरकारी वकील गाडीत साडीबद्दल बोलते, घरी जाऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. माझा तिच्यावर राग धरायचा बेत होता, तो फसला. ती कोर्टात जे करते ते भयंकर आहे आणि घरी ती माझ्यासारखी आहे.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दालनातले दिवे बंद होतात, पडदा काळा. मी "वा" म्हणून रिमोट उचलला, अंगठा बटणावर होता. आणि सिनेमा पुढं सुरू झाला. न्यायाधीश सहलीला. काय होतं ते लिहीत नाही, पण मी तिथं बंद केला असता तर तो माणूस मला बरा वाटला असता.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'च्या वेळी हेच झालं होतं. संपला असं ठरवणारी मी, सिनेमा नाही.

राहिलेले: १०.

१८ जून, बुधवार

'इकिरू' (१९५२). १४३ मिनिटं. आधी सोडला होता... साधारण दोन तृतीयांशावर, आणि आता कारण हसू येण्यासारखं आहे.

दिग्दर्शक कुरोसावाचा. सुरुवातीलाच क्ष-किरणाचा फोटो, निवेदक सांगतो की हा आपल्या नायकाच्या पोटाचा, त्याला कर्करोग आहे, त्याला अजून माहीत नाही. सरकारी कचेरीतला साहेब, तीस वर्षं शिक्के मारत आलेला. वस्तीतल्या बायका घाण पाण्याची तक्रार घेऊन येतात तर त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत पाठवत शेवटी पहिल्याच खिडकीवर आणून सोडतात. हा तुकडा बघताना नवरा खुर्ची ओढून बसला. या वेळी 'निघालोच आहे' नाही. तो अशाच एका टेबलाच्या आतल्या बाजूला बसतो.

साहेबाला कळतं, तो धडपडतो, त्याला सापडतं की त्या घाणीच्या जागी मुलांसाठी बाग करायची. आणि मग निवेदक सांगतो की तो वारला. अजून बराच सिनेमा शिल्लक असताना! मागच्या वेळी मी इथं बंद केला होता. नायक गेला, आता काय, रडारड.

रडारड नाहीच. राहिलेला सगळा वेळ त्याच्या फोटोसमोर बसलेले सहकारी पितात आणि बाग कुणामुळे झाली यावर वाद घालतात. वरिष्ठ श्रेय घेऊन निघून जातात. उरलेल्यांना थोडं थोडं आठवत जातं, आणि त्या आठवणींतून बाग आपल्याला दिसते. चढत्या नशेत सगळे शपथा घेतात की आपणही असंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी कचेरी. तक्रार येते. नवा साहेब... नवरा म्हणाला, "हे मात्र डॉक्युमेंटरी आहे."

ताकाशी शिमुरा बर्फात झोक्यावर बसून गातो तो प्रसंग मला पोस्टरवरून पाठ होता. तो प्रसंग या आठवणींमधला आहे, म्हणजे मी बंद केल्यानंतरचा. इतकी वर्षं मी न बघितलेल्या गोष्टीबद्दल गहिवरत होते.

राहिलेले: ९.

२० जून, शुक्रवार

'सिटी लाइट्स' (१९३१), ८७ मिनिटं. मुलाबरोबर, दीडपट वेगाच्या वादानंतर.

त्याचं म्हणणं, मूकपट तर आधीच पळत असतात, आणखी थोडं पळवलं तर काय? मी जरा अडकले, कारण वेग वाढवून दाखवणं नवीन नाहीच. युरोपात टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं असायची, म्हणून २४चा सिनेमा सरळ चार टक्के जास्त वेगानं सोडत. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत उरके आणि लोक आयुष्यभर जरा वरच्या पट्टीतले नट ऐकत राहिले. पण हे मी त्याला सांगितलं नाही. आईपणाचे काही फायदे असतात.

बोलपट येऊन चार वर्षं झाली तरी चॅप्लिननं हा मुका ठेवला, संगीत मात्र स्वतः दिलं. मुक्केबाजीच्या प्रसंगाला पोरगं सोफ्यावरून खाली आलं. शेवटी फुलवाली मुलगी, जिला आता दिसतं, त्या भटक्याचा हात हातात घेते आणि स्पर्शावरून ओळखते. त्याचा चेहरा, काळोख, समाप्त.

"एवढंच? पुढं काय होतं त्यांचं?"

हा एकच सिनेमा निघाला जो आम्हा दोघांच्या आधी थांबला. नंतर अर्धा तास तो मला पुढची गोष्ट रचून सांगत होता. त्यात भटक्याला नोकरी लागते.

राहिलेले: ८.

२३ जून, सोमवार

'द आयरिशमन' (२०१९). २०९ मिनिटं. नियम मोडला, काल अर्धा, आज अर्धा. काल दुसऱ्या तासाला नवरा घोरायला लागला आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही, कारण मीही चार मिनिटं कुठंतरी जाऊन आले. आजचा अर्धा भाग मात्र जागेपणी. म्हातारपणाचा शेवटचा भाग त्याच्या आधीच्या तासांशिवाय उभा राहिला नसता, इतकंच लिहिते. तोडून बघितल्यामुळे माझ्याकडून तो थोडा वाकडाच उभा राहिला.

राहिलेले: ७.

२५ जून, बुधवार

'रिअर विंडो' (१९५४), ११२ मिनिटं. पाय प्लास्टरमध्ये, घरात अडकलेला फोटोग्राफर समोरच्या खिडक्यांत बघत बसतो. प्रत्येक खिडकी म्हणजे एक छोटा पडदा, कंटाळा आला की दुसरी. आमच्या टीव्हीच्या पहिल्या पानाइतकं दुसरं काही त्या चौकासारखं दिसत नाही. एका बैठकीत, एकदाही न थांबवता. प्रकल्पातला पहिला असा, की फोन दुसऱ्या खोलीत आहे हेच विसरले. तो सगळा चौक स्टुडिओत बांधला होता हे माहीत असूनही रात्री पडदा ओढून घेतला.

आणखी दोन रांगेतून काढून टाकले. कारणं: एक, दुसऱ्या कुणाला आवडला म्हणून लावला होता. दोन, नट देखणा होता, आता नाही.

राहिलेले: ४.

२८ जून, शनिवार

'सैराट' (२०१६). १७४ मिनिटं. रेघ जवळजवळ टोकाला.

गूढ उकललं, तेही मी लावायच्या आधीच. जेवणं झाल्यावर 'आज सैराट' म्हटलं तर आई म्हणाल्या, "तो नको हलवूस. तो माझा आहे."

म्हणजे दुपारी, आम्ही कुणी नसताना, त्या लावतात. विहिरीचं गाणं, कॉलेज, ट्रॅक्टर, पळून जाणं, हैदराबादची झोपडपट्टी, भांडण, परत येणं, लग्न, बाळ. सगळं बघतात आणि मग बंद करतात. दर वेळी एकाच जागी.

"मी पहिल्यापासून लावते, तुम्ही बसा," म्हटलं. बसल्या. त्या शेजारी असल्यानं मला पूर्वी न दिसलेलं दिसत होतं. पहिला अर्धा भाग ज्या झगमगाटात, संथ गतीत, गाण्यांत जातो, तिथं त्या पाय हलवत होत्या. दुसऱ्या अर्ध्यात गाणी संपतात, आर्ची कारखान्यात बाटल्यांपुढं उभी राहते, तिथं त्या पुढं सरकून बसल्या. "आता हिला कळतंय," त्या म्हणाल्या. आणि संसार जरा मार्गी लागल्यावर आर्ची आईला फोन करते, तिथं त्या उठल्या.

"मी झोपते आता."

"आई, थोडंच राहिलंय."

"माहीत आहे. थिएटरात बघितलाय मी. तुम्हीच नेलं होतंत."

"मग? टोकियोतली म्हातारी गेली तेव्हा तर बसला होतात."

"ती वयानं गेली गं." आणि दाराशी थांबून, "इथं सगळं बरं चाललंय त्यांचं."

त्या गेल्यावर मी शेवटपर्यंत बघितला. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. मग ते लहान मूल परत येतं, आणि आवाज जातो. नागराज मंजुळेनं तिथं काहीच ठेवलेलं नाही, ना संगीत, ना रडणं. थिएटरात ती शांतता चारशे माणसांची होती. घरात ती शांतता नसते. फ्रिजची घरघर ऐकू आली, वर कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि पोराची पावलं उमटत गेली. क्षणभर मला नाइट मोडवर संशय आला, इतकी मी आता सेटिंगवाली झालेय.

आतून आईंचा आवाज: "संपला का गं?"

"हो."

राहिलेले: ३.

२९ जून, रविवार

दुपारी आई रिमोट घेऊन बसल्या होत्या. रांग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. "माझा सिनेमा कुठं गेला?"

शेवटपर्यंत बघितला की तो त्या रांगेतून जातो, हे त्यांना समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. रिमोट घेतला, नावानं शोधून 'सैराट' लावला, रेघ पकडून पुढं नेली. जास्त गेली. थोडी मागं. आर्ची, फोन, तिथं सोडला आणि बाहेर पडले. पोस्टर रांगेत परत आलं.

"याच्या पुढं नाही ना गेली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

राहिलेले: ४.